पोस्टग्रेस आणि मारियाडीबी सांभाळायची मुक्त साधनं: आधी काय लावायचं, नंतर काय?

जिनिंगवाला (जळगाव), सोमवार रात्री १०:४०

राम राम मंडळी. आमच्या जिनिंगमध्ये डेटाबेसचे दोन सर्व्हर आहेत आणि लायसन्ससाठी पैसा नाही, म्हणून सगळं मुक्त स्रोतातलंच हवं.

पहिला सर्व्हर: उबुंटू २२.०४, पोस्टग्रेस १४, डेटा १८० जीबी. काटा पावत्या, कापसाची आवक, शेतकऱ्यांची खाती. ८ कोर, ३२ जीबी रॅम, ९६० जीबीच्या दोन एसएसडी रेड १ मध्ये. दुसरा: मारियाडीबी १०.६, ३५ जीबी, वेबवरून येणाऱ्या ऑर्डरी.

सध्या रात्री १ वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी) पीजी_डंप (पोस्टग्रेसचा डेटा फाइलीत काढणारी आज्ञा) चालतो, फाइल त्याच डिस्कवर पडते. हंगामात काट्यावर गाड्यांची रांग लागली की 'टू मेनी क्लायंट्स' येतं, म्हणून मॅक्स_कनेक्शन्स ५०० केलंय. वर्क_मेम ६४ एमबी. आता कधी कधी रॅम संपते आणि पोस्टग्रेसच बंद पडतं.

बॅकअप, देखरेख, कनेक्शन पूल, टेबलं बघायचं साधन, सगळंच नव्याने लावायचंय. पीजीअ‍ॅडमिनपासून सुरुवात करू का?

---

भुसावळ_जंक्शन, सोमवार रात्री ११:२५

ना भो, पीजीअ‍ॅडमिन सगळ्यात शेवटी. ते नसलं तर कुणाचं काही अडत नाही, पीएसक्यूएल (आज्ञा टाइप करून टेबलं बघायचं) आहेच. आज रात्री डिस्क गेली तर तुमच्याकडे काय उरतं? डंप त्याच डिस्कवर, म्हणजे काहीच नाही. रेड १ मुळे एक डिस्क गेली तर वाचाल. पण कुणी चुकून व्हेअरशिवाय डिलीट मारलं तर तेही दोन्ही डिस्कवर इमानेइतबारे लिहिलं जातं.

म्हणून पहिलं साधन पीजीबॅकरेस्ट, पोस्टग्रेसच्या बॅकअपचं. (नावं आणि आज्ञा देवनागरीत लिहितोय, टाइप करताना रोमनमध्ये, अंडरस्कोरसकट.)

१. बॅकअपला वेगळं यंत्र घ्या. जुना डेस्कटॉप चालतो, २ टीबीची डिस्क टाका. पीजीडीजीचं (पोस्टग्रेसवाल्यांचं स्वतःचं) पॅकेज भांडार जोडून दोन्ही यंत्रांवर पीजीबॅकरेस्टची एकच आवृत्ती बसवा. आवृत्ती वेगळी असली तर ते सरळ नकार देतं. अपग्रेडही दोन्हीकडे एकदमच करायचा.

२. एसएसएच दोन्ही दिशांनी पासवर्डविना चालली पाहिजे. बॅकअप घ्यायला बॅकअपचं यंत्र डेटाबेसकडे येतं, वॉल (पोस्टग्रेस ठेवतं ती प्रत्येक बदलाची नोंद) पाठवायला डेटाबेस बॅकअपकडे जातो. बहुतेक लोक एकच बाजू लावतात आणि मग 'चेक' का अडतं ते शोधत बसतात.

३. कॉन्फिगमध्ये (रेपो म्हणजे बॅकअपची साठवण): रेपो१-रिटेन्शन-फुल=२, स्टार्ट-फास्ट=वाय, कॉम्प्रेस-टाइप=झेडएसटी, प्रोसेस-मॅक्स=३. ८ कोरच्या यंत्रावर ३ पुरे, कामाच्या वेळी जास्त नको. रेपो१-बंडल आणि रेपो१-ब्लॉक दोन्ही वाय करा. पोस्टग्रेस टेबल १ जीबीच्या फाइलींत ठेवतं. ब्लॉक नसेल तर त्यातली एक ओळ बदलली तरी रोजच्या बॅकअपमध्ये अख्खी फाइल जाते.

४. पोस्टग्रेसमध्ये आर्काइव्ह_मोड=ऑन, आर्काइव्ह_कमांडमध्ये पीजीबॅकरेस्टचा आर्काइव्ह-पुश. मोड बदलला की रीस्टार्ट लागतो, नुसता रीलोड पुरत नाही. कमांड बदलायला रीलोड पुरतो. आर्काइव्ह_टाइमआउट ३०० सेकंद ठेवा. वॉलची फाइल १६ एमबीची असते. काटा बंद असताना ती भरायला तासन् तास लागतात आणि तोवर तेवढं काम बाहेर जात नाही. ३०० ठेवलं तर वाईटात वाईट साधारण पाच मिनिटांचं जाईल.

५. स्टॅन्झा-क्रिएट (पीजीबॅकरेस्टकडे या डेटाबेसची नोंद), मग चेक, मग पहिला फुल. रविवारी फुल, इतर रात्री डिफ, म्हणजे फुलनंतर बदललेलं तेवढंच.

६. आता खरं काम. तिसऱ्या यंत्रावर रिस्टोअर करा. बॅकअपच्याच यंत्रावर जागा असेल तर तिथेही चालेल. नुसतं 'सक्सेसफुल' दिसलं म्हणून उठू नका. पीजी_अ‍ॅमचेक चालवा (१४ पासून सोबतच येतं, टेबलं आणि इंडेक्स तुटलेत का बघतं) आणि कालच्या तारखेच्या पावत्या मोजून मूळ सर्व्हरशी जुळवा. महिन्यातून एकदा. गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला १०० एमबीच्या आसपास मिळतं, म्हणजे १८० जीबी उतरायला अर्धा तास, वर वॉल लावायचा वेळ. हा आकडा कागदावर लिहून मालकाच्या टेबलावर ठेवा. सर्व्हर बसला की ते हेच विचारणार आहेत.

---

धुळेकर, मंगळवार सकाळी ८:०५

एवढं कशाला? आर्काइव्ह_कमांडमध्ये सीपी (लिनक्सची साधी कॉपी) टाकायचं, एनएफएसवर (नेटवर्कवरच्या डिस्कवर) फाइल जाते, काम झालं. पीजीबॅकरेस्ट मोठ्या घरचं लेणं.

---

भुसावळ_जंक्शन, मंगळवार सकाळी ८:५०

धुळेकर दादा, सीपीचे तीन त्रास आहेत. फाइल डिस्कवर पक्की लिहिली गेली याची ते वाट बघत नाही. समोरचं यंत्र त्याच क्षणी बंद पडलं तर अर्धी फाइल राहते आणि पोस्टग्रेस आपली प्रत पुसून मोकळं होतं. त्याच नावाची फाइल आधी असेल तर मुकाट्याने तिच्यावर लिहितं. आणि एनएफएस अडकलं तर सीपी अडकतं, पीजी_वॉल फुगतं, डिस्क भरते, पोस्टग्रेस पॅनिक करून थांबतं.

तिसरा त्रास पीजीबॅकरेस्टलाही आहे, फक्त त्यावर तोडगा आहे: आर्काइव्ह-असिंक चालू करून आर्काइव्ह-पुश-क्यू-मॅक्स ४० जीबी द्या. रांग त्यापुढे गेली की ते वॉल टाकून देतं. डेटाबेस चालू राहतो, पण हव्या त्या क्षणाला परत जाण्याची साखळी तिथे तुटते आणि लगेच नवा बॅकअप घ्यावा लागतो. काटा थांबणं जास्त वाईट की पाच दिवसांपूर्वीच्या क्षणाला जाता न येणं, हे तुमचं तुम्ही ठरवा.

आणि काहीही झालं तरी पीजी_वॉलमधल्या फाइली हाताने पुसायच्या नाहीत. नावात 'लॉग' नसलं तरी जुन्या लॉग आहेत असं समजून लोक आरएम मारतात आणि डेटाबेस उठतच नाही. आधी पीजी_स्टॅट_आर्काइव्हर बघा, फेल्ड_काउंट वाढतोय का. मग पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स, एखादा बेवारस स्लॉट (दुसऱ्या सर्व्हरसाठी वॉल राखायची खूण) वॉल धरून बसलेला असतो. मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ मूळची अमर्याद असते, तिला हद्द घाला.

---

कळणाभाकर, मंगळवार सकाळी ९:३०

पीजी_डंप काढून टाकू नका मात्र. एकच टेबल परत हवं असेल किंवा वरच्या आवृत्तीवर जायचं असेल तर तोच कामी येतो. -एफडी आणि -जे ४ लावा, म्हणजे चार टेबलं एकदम निघतात. सोबत पीजी_डंपऑल --ग्लोबल्स-ओन्ली रोज. पीजी_डंपमध्ये वापरकर्ते आणि पासवर्ड नसतात. नव्या सर्व्हरवर उतरवलं की 'रोल डझ नॉट एग्झिस्ट'ची माळ लागते.

---

सातपुडा_वारा, मंगळवार दुपारी १:१०

रॅम संपण्याचं कारण तुमच्या दोन आकड्यांतच आहे. वर्क_मेम ही मर्यादा कनेक्शनला नसून क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्ट किंवा हॅशला असते. १४० कनेक्शननी एकेक सॉर्ट केला तरी १४० गुणिले ६४, म्हणजे ९ जीबीच्या घरात. ५०० झाली तर ३२ जीबी, म्हणजे सगळी रॅम, शेअर्ड_बफर्स (पोस्टग्रेसची सामायिक कॅश) वेगळेच. मग लिनक्सचा ओओएम किलर (रॅम संपली की प्रोसेस मारणारा) येतो आणि पोस्टग्रेसची एखादी प्रोसेस मारतो. एक मेली की पोस्टमास्टर (पोस्टग्रेसची मुख्य प्रोसेस) बाकी सगळ्यांना तोडून रिकव्हरीत जातो. बाहेरून ते 'आपोआप बंद पडलं' असं दिसतं.

मॅक्स_कनेक्शन्स परत १०० वर आणा, वर्क_मेम १६ एमबी. महिनाअखेरचा हिशोब काढणाऱ्या वापरकर्त्याला अल्टर रोलने वेगळं वाढवून द्या. व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी २ करा, म्हणजे लिनक्स आवाक्याबाहेर मेमरी कबूल करणार नाही.

प्रोग्राम आणि पोस्टग्रेसच्या मधे पीजीबाउन्सर बसवा, थोडी कनेक्शनं सगळ्यांत वाटून देतो. पोर्ट ६४३२. मॅक्स_क्लायंट_कॉन ४००, डिफॉल्ट_पूल_साइझ २०. लक्षात ठेवा, हे २० प्रत्येक डेटाबेस आणि वापरकर्ता जोडीला आहेत. प्रोग्राम पाच वेगळ्या वापरकर्त्यांनी जोडत असेल तर १०० झाले. ८ कोरला एका वेळी २०-२५ चालू क्वेरी पुष्कळ. बाकीच्यांनी रांगेत काही मिलिसेकंद थांबलेलं परवडतं.

पूल_मोड मूळचा सेशन असतो; त्यात तुमचा फायदा जवळपास शून्य, कारण काट्यावरचा संगणक सकाळी जोडतो तो संध्याकाळी सोडतो. तो ट्रान्झॅक्शन करायला लागेल, म्हणजे व्यवहार संपला की कनेक्शन दुसऱ्याला, आणि ते केलं की काही गोष्टी मोडतात: सेशनभर टिकणारा सेट, लिसन, सेशनचे अ‍ॅडव्हायझरी लॉक, एका व्यवहारातून दुसऱ्यात न्यायची टेम्पररी टेबलं. प्रिपेअर्ड स्टेटमेंट १.२१ आवृत्तीपासून चालतात, मॅक्स_प्रिपेअर्ड_स्टेटमेंट्स शून्यापेक्षा जास्त असेल तर. उबुंटू २२.०४ च्या मूळ भांडारातली आवृत्ती त्याआधीची आहे, म्हणून हेही पीजीडीजीतून घ्या. जुनीच ठेवायची असेल तर जेडीबीसीच्या (जावाच्या डेटाबेस ड्रायव्हरच्या) दुव्यात प्रिपेअरथ्रेशोल्ड=०.

डंप आणि मायग्रेशन पीजीबाउन्सरमधून नेऊ नका, थेट ५४३२ वर.

---

जिनिंगवाला, मंगळवार रात्री ९:१५

काट्याचा प्रोग्राम जावातलाच आहे, प्रिपेअरथ्रेशोल्डचं बरं सांगितलं. मारियाडीबीवर कुणी बोललं नाही. आणि लाइट? एमआयडीसीत असली तरी पावसाळ्यात दिवसातून चारदा जाते. इंटरनेटचा अपलोड १० एमबीपीएस, तोही तुटक. बॅकअपची एक प्रत गावाबाहेर कशी ठेवायची?

---

कळणाभाकर, मंगळवार रात्री १०:२०

मारियाडीबीला पर्कोना एक्स्ट्राबॅकअप लावू नका. नेटवर जुने लेख तेच सांगतात, पण १०.३ पासून ते मारियाडीबीला चालत नाही. मारियाडीबी-बॅकअप वापरा, ते त्यातूनच फुटलेलं आहे. तीन पायऱ्या: --बॅकअप, --प्रिपेअर, --कॉपी-बॅक. प्रिपेअर विसरलात तर फाइली एकमेकींशी जुळलेल्या नसतात. कॉपी-बॅकच्या वेळी डेटा डिरेक्टरी रिकामी लागते, आणि नंतर मालकी मायएसक्यूएल:मायएसक्यूएलला द्यावी लागते, नाहीतर सेवा सुरूच होत नाही.

बिनलॉग (बदलांची नोंद, पोस्टग्रेसच्या वॉलसारखी) तपासा. मायएसक्यूएल ८ मध्ये तो आपोआप चालू असतो, मारियाडीबीत बंद. लॉग_बिन घातल्याशिवाय कालच्या बॅकअपपासून आत्तापर्यंतचं काहीच परत मिळणार नाही. घातलात तर एक्सपायर_लॉग्स_डेज ७ करा. मूळचं ० म्हणजे कधीच पुसू नका, आणि डिस्क भरते.

मायएसक्यूएलडंप चालवत असाल तर --सिंगल-ट्रान्झॅक्शन, --क्विक, --रूटीन्स, --इव्हेंट्स. सिंगल-ट्रान्झॅक्शनचा उपयोग इनोडीबी इंजिनच्या टेबलांना. जुन्या मायआयसॅम इंजिनचं एखादं टेबल मागे राहिलं असेल तर त्याची प्रत जुळेलच असं नाही. आधी इन्फर्मेशन_स्कीमातून इंजिन बघून घ्या.

अजून एक, यावर लोकांचे तास जातात. १०.६.१८ पासून मारियाडीबीच्या डंपमध्ये पहिल्याच ओळीवर 'सँडबॉक्स मोड'ची टिप्पणी येते. तो डंप जुन्या क्लायंटने किंवा मायएसक्यूएलच्या क्लायंटने उतरवायला गेलं तर ओळ १ वर 'अननोन कमांड' म्हणून अडतो. फाइल बरोबर असते, टेल -एन +२ ने पहिली ओळ गाळून द्या.

हळू क्वेरींसाठी स्लो_क्वेरी_लॉग चालू, लाँग_क्वेरी_टाइम १, आणि त्या फाइलीवर पीटी-क्वेरी-डायजेस्ट. पर्कोना टूलकिटमधली ही एकच वस्तू घेतली तरी पैसे वसूल, म्हणजे पैसे नाहीतच म्हणा. एकूण वेळ कशात गेला त्या क्रमाने क्वेरी लावून देतं. २ मिलिसेकंदांची पण दिवसातून दहा लाख वेळा येणारी क्वेरी ३० सेकंदांच्या एकुलत्या रिपोर्टपेक्षा जड असते, पण लाँग_क्वेरी_टाइम १ वर ती लॉगमध्येच येत नाही. म्हणून आठवड्यातून तासभर ते ० करून बघा. फक्त तासभर, लॉग फुगतो.

मोठ्या टेबलला कॉलम जोडायला लोक लगेच पीटी-ऑनलाइन-स्कीमा-चेंज काढतात. ते अख्ख्या टेबलची नक्कल करतं, तेवढी जागा लागते, मूळ टेबलवर ट्रिगर लावतं. मारियाडीबी १०.३ पासून इनोडीबीत कॉलम जोडणं तात्काळ होतं. अल्टरमध्ये अल्गोरिदम=इन्स्टंट लिहून बघा; जमत नसेल तर ते लगेच नकार देतं, नुकसान काही नाही. नकार आला तरच पीटी, तेही आधी --ड्राय-रन.

---

नंदुरबारी_मिरची, बुधवार सकाळी ७:४५

लाइटचं. इन्व्हर्टरवर सर्व्हर चालवू नका, तो बदलायला वेळ घेतो आणि तेवढ्यात यंत्र रीसेट होतं. यूपीएस घ्या आणि त्याची यूएसबी केबल खरंच सर्व्हरला जोडा. बहुतेक ठिकाणी ती डब्यातच असते. मग नट बसवा, म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स. आपल्याकडचे स्वस्त यूपीएस मेगाटेक क्यू१ भाषा बोलतात, त्यांना एनयूटीडीआरव्ही_क्यूएक्स ड्रायव्हर, नाहीतर यूएसबीएचआयडी-यूपीएस. यूपीएससी (नटचीच आज्ञा) चालवून आकडे येतात का बघा.

बॅटरी जुनी झाली की चार्जची टक्केवारी खोटी बोलते: ६० दाखवते आणि पुढच्या मिनिटाला शून्य. म्हणून टक्क्यांवर न जाता यूपीएसशेडमध्ये टायमर लावा, लाइट गेल्यावर ५ मिनिटांनी बंद करायला सुरुवात. बंद होताना पोस्टग्रेस चेकपॉइंट (रॅममधले बदल डिस्कवर) लिहितं, शेअर्ड_बफर्स मोठे असले तर त्याला वेळ लागतो. सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीचा टाइमआउटस्टॉपसेक कमी असेल तर तो मधेच मारून टाकतो. ३०० सेकंद द्या आणि तेवढी बॅटरी आहे का ते एकदा घड्याळ लावून तपासा.

एसएसडीला पॉवर लॉस प्रोटेक्शन आहे का बघा. घरगुती एसएसडी 'लिहिलं' म्हणून सांगते आणि डेटा तिच्या कॅशमध्येच असतो. पीजी_टेस्ट_एफसिंक (डिस्कवर पक्कं लिहायचा वेग मोजतं) चालवा, स्वस्त डिस्कने एकदम भरमसाट आकडा दाखवला तर खुश होऊ नका, शंका घ्या. वेग वाढावा म्हणून एफसिंक किंवा फुल_पेज_राइट्स बंद करायचा सल्ला कुणी दिला तर त्याला शेवभाजी खाऊ घाला आणि परत पाठवा.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि सर्व्हरची खोली बहुतेक पत्र्याखालीच असते. स्मार्टडीमध्ये (डिस्कवर नजर ठेवणारी सेवा) तापमानाचा इशारा लावा, एका ओळीचं काम आहे.

गावाबाहेरची प्रत. १० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला सव्वा एमबी. दाबलेला फुल बॅकअप ४० जीबी धरला तर ३२,००० सेकंद, जवळपास ९ तास, लाइन तुटली नाही तर. म्हणून पहिली प्रत हार्डडिस्कवर न्या, रोजचा फरक नेटवरून.

पीजीबॅकरेस्टमध्ये रेपो२ म्हणून एस३सारखं नेटवरचं भांडार देता येतं, पण तुमच्याकडे देऊ नका. आर्काइव्ह-पुश दोन्ही रेपोंना पाठवल्याशिवाय पोस्टग्रेसला 'झालं' म्हणत नाही. लाइन तुटली की वॉल साचतं आणि भुसावळ_जंक्शन म्हणतात त्या रांगेच्या गोष्टीला सुरुवात होते. त्यापेक्षा बॅकअपच्या यंत्रावरून, रात्रीचा बॅकअप संपल्यावर, आरक्लोन (नेटवरच्या भांडारात फाइली पाठवायचं साधन). --बॅकअप-डिर लावा म्हणजे इकडून पुसलेलं तिकडे लगेच पुसलं जाणार नाही. --बीडब्ल्यूलिमिट "०९:००,२५६के २२:००,ऑफ". हे के बाइटचं आहे, बिटचं नाही. २५६के म्हणजे २ एमबीपीएस. इथे १० एम लिहून दिवसभर ऑफिसचं नेट बसवणारे पुष्कळ. आणि बॅकअप कूटबद्ध करणारा रेपो१-सायफर-टाइप आधीच लावा, एकदा स्टॅन्झा बनला की बदलता येत नाही. सांकेतिक वाक्य सर्व्हरबाहेर कागदावर.

---

धुळेकर, बुधवार सकाळी ११:००

सीपीचं मान्य. देखरेखीला झॅबिक्स टाका, प्रोमिथियस-ग्राफानाच्या नादी लागू नका. झॅबिक्स एजंट २ मध्ये मायएसक्यूएलचं प्लगइन आत आहे, पोस्टग्रेसचं वेगळं बसवायचं, स्विच आणि यूपीएसही त्याच पडद्यावर, आणि इशाऱ्याची व्यवस्था तयार.

---

सातपुडा_वारा, बुधवार दुपारी १२:३०

झॅबिक्सला स्वतःचा डेटाबेस लागतो आणि तो वाढतो. तो त्याच पोस्टग्रेसमध्ये ठेवलात तर ज्याच्यावर नजर ठेवायची तोच पडल्यावर नजर ठेवणाराही पडला. बॅकअपच्या यंत्रावर ठेवा. प्रोमिथियस हलका आहे, पोस्टग्रेस_एक्स्पोर्टर पोर्ट ९१८७ वर, मायएसक्यूएलडी_एक्स्पोर्टर ९१०४ वर, पण मूळचा इतिहास १५ दिवसांचाच. मागच्या हंगामाशी तुलना हवी तर तो वाढवावा लागतो. झॅबिक्स असो की प्रोमिथियस, पोस्टग्रेसमधल्या त्याच्या वापरकर्त्याला पीजी_मॉनिटर भूमिका पुरते, सुपरयूजर देऊ नका.

कुठलंही घ्या, इशारे एवढेच ठेवा: डिस्क ८०% च्या वर, पीजी_स्टॅट_आर्काइव्हरमधलं अपयश, शेवटचा यशस्वी बॅकअप २६ तासांहून जुना, सगळ्यात लांब चालू व्यवहार ३० मिनिटांहून मोठा, डॅटफ्रोझनएक्सआयडीचं वय (व्हॅक्यूमने अजून न आवरलेले व्यवहार) ५० कोटींच्या वर. मूळ सेटिंगवर २० कोटींनाच ऑटोव्हॅक्यूम (मेलेल्या ओळी आपोआप साफ करणारा) जबरदस्तीने सुरू होतो. ५० पर्यंत गेलं म्हणजे त्याला काहीतरी अडवतंय. दोन अब्जांच्या जवळ पोस्टग्रेस नवे व्यवहार घेणंच थांबवतं. सीपीयू ९०% चा इशारा लावू नका. हंगामात तो रोज वाजणार आणि चौथ्या दिवशी कुणी बघणार नाही.

क्वेरींसाठी पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स, शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीजमध्ये, म्हणून रीस्टार्ट. आर्काइव्ह_मोडलाही लागतोय, एकाच वेळी उरका. लेखांत टोटल_टाइम लिहिलेलं असतं, १३ पासून तो कॉलम टोटल_एक्झेक_टाइम झाला. आणि आठवड्याला पीजीबॅजर: लॉगमधून एक एचटीएमएल पान बनवतं, सर्व्हरवर काही बसवावं लागत नाही. लॉग_मिन_ड्युरेशन_स्टेटमेंट ५००, लॉग_टेम्प_फाइल्स ०, लॉग_लॉक_वेट्स ऑन. पान रिकामं आलं तर बहुधा लॉग_लाइन_प्रीफिक्स जुळत नाही.

---

केळीबाग (रावेर), बुधवार रात्री ८:४०

शेतकऱ्यांची नावं मराठीत आहेत ना? मग यावर कुणीच कसं बोललं नाही!

'बऱ्हाणपूर' हा शब्द दोन तऱ्हांनी साठतो. एका कीबोर्डवरून ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलंत. दुसऱ्यावरून साधा र, हलंत आणि त्यानंतर न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडायची खूण). पडद्यावर दोन्ही सारखेच, डेटाबेसला वेगळे. 'शेतकऱ्या'पासून 'बऱ्हाणपूर'पर्यंत सगळीकडे हेच. परिणाम: एकाच माणसाची दोन खाती, आणि युनिक इंडेक्स गप्प. पोस्टग्रेस १३ पासून नॉर्मलाइझ() आहे, पण ते र आणि नुक्ता यांचा ऱ करतं, झेडडब्ल्यूजेला हात लावत नाही. म्हणून आधी रिप्लेस()ने 'र, हलंत, झेडडब्ल्यूजे' चं 'ऱ, हलंत' करा, मग नॉर्मलाइझ. हे ट्रिगरमध्ये ठेवा, प्रोग्रामवर विसंबू नका.

यादीचा क्रम. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, वर्णमालेत ह नंतर. सी कोलेशन (नुसत्या युनिकोडच्या क्रमाने लावणं) असेल तर 'पारोळा' 'पारोसा'च्या आधी लागेल. ऑर्डर बायमध्ये कोलेट "एमआर-एक्स-आयसीयू" लावून आपली तालुक्यांची यादी चालवून बघा. नावाचा तुकडा शोधायला पीजी_टीआरजीएमचा जिन इंडेक्स उत्तम, मात्र डेटाबेसचा सीटाइप (अक्षरं ओळखायची सेटिंग) सी असेल तर देवनागरीवर तो काहीच करत नाही.

सगळ्यात घातक: ऑपरेटिंग सिस्टम बदलणं. ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या २.२८ मध्ये शब्दांचा क्रम बदलला. उबुंटू १८.०४ वरून २०.०४ वर डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी नेली की मजकुरावरचे इंडेक्स जुन्या क्रमाचे आणि तुलना नव्या क्रमाची. शोधलं तर नाव सापडत नाही, युनिक असूनही दुबार शिरतं, एरर कुठेच नाही. अ‍ॅमचेक चालवा, रीइंडेक्स करा. तुमचा सर्व्हर १८.०४ वरून चढत आलेला असेल तर आजच.

मारियाडीबीत 'यूटीएफ८' म्हणजे तीन बाइटचं. देवनागरी तीन बाइटांत मावते म्हणून वर्षानुवर्षं काही बिघडत नाही, आणि एक दिवस ऑर्डरच्या शेऱ्यात कुणी इमोजी टाकतो. यूटीएफ८एमबी४ करून घ्या. टेबल लॅटिन१ आणि आत मराठी असेल तर सरळ कन्व्हर्ट मारू नका, दुहेरी कोडिंग होतं. आधी कॉलम बायनरी, मग यूटीएफ८एमबी४.

---

जिनिंगवाला, गुरुवार सकाळी १०:०५

१८.०४ वरूनच चढलाय. पीजी_अ‍ॅमचेक चालवला, चाचणीच्या प्रतीवर: चार इंडेक्स तुटलेले, चारही नावांवरचे. केळीबाग ताई, दंडवत.

आणखी एक. पावत्यांचं टेबल ६२ जीबी दिसतं, ओळींच्या हिशोबाने २५ च्या वर नको. व्हॅक्यूम फुल करू?

---

भुसावळ_जंक्शन, गुरुवार सकाळी १०:५०

युनिक इंडेक्स असेल तर रीइंडेक्सच्या आधी दुबार ओळी शोधा, नाहीतर तो तिथेच अडेल. शोधताना सेट एनेबल_इंडेक्सस्कॅन, एनेबल_इंडेक्सओन्लीस्कॅन आणि एनेबल_बिटमॅपस्कॅन तिन्ही ऑफ, म्हणजे तुटक्या इंडेक्सचं ऐकलं जाणार नाही. मग रीइंडेक्स कन्करंटली, काटा चालू असताना होतं. मधेच मोडलं तर _सीसीन्यू शेपटीचा अवैध इंडेक्स मागे राहतो, तो काढून टाका.

व्हॅक्यूम फुल संपेपर्यंत टेबल पूर्ण बंद ठेवतं, हंगामात नकोच. पीजी_रीपॅक घ्या, ते टेबल चालू ठेवून नव्याने लिहितं. प्रायमरी की किंवा नॉट नल युनिक इंडेक्स लागतो. टेबल आणि त्याचे इंडेक्स मिळून जेवढे, त्याच्या दुप्पट मोकळी जागा धरा. क्लायंट आणि एक्स्टेन्शनची आवृत्ती एकच हवी. सुरुवातीला आणि शेवटी क्षणभर पूर्ण लॉक लागतो. तेव्हा लांब क्वेरी चालू असेल तर तो थांबतो आणि त्याच्यामागे सगळे. रात्री करा.

पण टेबल फुगलं का ते आधी बघा, नाहीतर चार महिन्यांत परत तिथेच. पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीत 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' किती? कुणीतरी डीबीव्हरमध्ये (टेबलं बघायचं साधन) ऑटो-कमिट बंद करून एक अपडेट मारतो आणि जेवायला जातो. तोवर व्हॅक्यूमला त्यानंतर मेलेल्या ओळी काढता येत नाहीत. आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट १० मिनिटं. आणि ऑटोव्हॅक्यूम_व्हॅक्यूम_स्केल_फॅक्टर मूळचा ०.२, म्हणजे पाचवा हिस्सा ओळी मेल्यावर तो जागा होणार. या एका टेबलपुरता ०.०२ करा.

---

कळणाभाकर, गुरुवार दुपारी २:१५

आता तुमचा मूळ प्रश्न: टेबलं बघायला डीबीव्हर कम्युनिटी, दोन्ही डेटाबेसना एकच चालतं. वर सांगितलेलं ऑटो-कमिट सांभाळा, आणि लोकांना फक्त वाचायचे हक्क असलेला वापरकर्ता द्या. पीजीअ‍ॅडमिन ४ हवं तर ठेवा. ५४३२ किंवा ३३०६ बाहेर उघडू नका, एसएसएच टनेल दोन्हींत आहे. अ‍ॅडमिनरची एक पीएचपी फाइल सोपी म्हणून वेबच्या मुळाशी टाकून विसरतात, ४.६.२ पर्यंतच्या आवृत्तीतून सर्व्हरवरच्या फाइली वाचता येत होत्या. असेल तर काढा.

---

जिनिंगवाला, शुक्रवार रात्री ९:५०

क्रम असा धरलाय. या रविवारी पीजीबॅकरेस्ट, आर्काइव्ह_मोड आणि पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स एकाच रीस्टार्टमध्ये. त्याच दिवशी मारियाडीबी-बॅकअप आणि बिनलॉग. मग रिस्टोअरची चाचणी, दुबार नावं, रीइंडेक्स. पुढच्या आठवड्यात पीजीबाउन्सर. नट आणि आरक्लोन यूपीएसची केबल सापडली की. झॅबिक्स बॅकअपच्या यंत्रावर.

रिस्टोअरला वेळ कशी द्यायची? काल दुपारी ३:१० ला परत जायचं म्हटलं तर?

---

भुसावळ_जंक्शन, शुक्रवार रात्री १०:३०

पोस्टग्रेस थांबवा, मग रिस्टोअर --डेल्टा --टाइप=टाइम, --टार्गेटमध्ये तारीख, "१५:१०:००+०५:३०". ते +०५:३० लिहाच. सर्व्हर बहुतेक यूटीसीवर असतो. नुसतं १५:१० लिहिलं तर तो आपले रात्रीचे ८:४० धरतो आणि ज्या चुकीच्या डिलीटच्या आधी जायचं होतं ती पण परत लावून देतो. --टार्गेट-अ‍ॅक्शन दिलं नाही तर तो त्या क्षणी पॉज होऊन फक्त वाचायला उघडतो, आणि तेच बरं. ओळी मोजा, बरोबर असतील तर पीजी_वॉल_रीप्ले_रिझ्यूम(). पुढे जाऊन चुकलं तर रिस्टोअर पहिल्यापासून परत.

हे चालू सर्व्हरवर नाही, दुसऱ्या यंत्रावर. तिथल्या पोस्टग्रेसमध्ये उठवायच्या आधी आर्काइव्ह_मोड ऑफ करा, नाहीतर चाचणीची प्रत तिचं वॉल खऱ्याच रेपोत ढकलू लागते.